वाकला की कडक होतो: धातूच्या स्वभावाचे गणित

तांब्याची एक मऊ तार घ्या आणि मधोमध वाकवा. आता तीच तार बोटांनी पुन्हा सरळ करायचा प्रयत्न करा. जिथे वाकवली होती नेमकी तीच जागा सरळ व्हायला नकार देते. तिच्या शेजारचा भाग वाकतो, पण मूळचा बाक थोडासा उरतोच. आणखी चार-सहा वेळा पुढे-मागे केले की तार तिथेच तुटते. पहिल्यांदा वाकवताना सहज वाकलेला धातू दुसऱ्यांदा हट्टी का होतो आणि शेवटी तुटतो का, हा प्रश्न लहान मुलालाही पडू शकतो. त्याचे पूर्ण उत्तर मात्र शास्त्रज्ञांना अजूनही मिळालेले नाही.

तरीही या अपुऱ्या उत्तराच्या आधारावर आज बरेच काही उभे आहे. मोटारीचा पुढचा भाग धडकेत किती चेपायचा, भूकंपात इमारतीतल्या सळ्यांनी किती ताणले जायचे, हाड जोडणारी पट्टी शस्त्रक्रियेच्या टेबलावर किती वाकवता येईल, हे सारे त्यावरून ठरते. हृदयाच्या रक्तवाहिनीत बसवलेली स्टेंट हे याचे सर्वांत नाजूक उदाहरण. केसाएवढ्या जाडीच्या धातूच्या काड्यांची ही जाळी धमनीत फुगवली जाते, ती त्याच आकारात राहणे अपेक्षित असते आणि तिने वर्षानुवर्षे हृदयाचे ठोके सोसायचे असतात. या साऱ्याचा अंदाज प्रत्यक्ष स्टेंट बनवण्याआधी गणिताने बांधला जातो.

तांबटाला ठाऊक असलेले गुपित

धातूचा हा स्वभाव कारागिरांना शास्त्रज्ञांच्या फार आधीपासून माहीत आहे. पुण्याच्या तांबट आळीत तांब्या-पितळेच्या भांड्यांवर मठारकाम करणारे कारागीर हातोडीचे ठोके एकाशेजारी एक असे नेमके मारत जातात. त्या ठोक्यांनी भांड्याला चमकदार नक्षी येते, पण ते केवळ शोभेसाठी नसते. प्रत्येक ठोक्याने तांबे कडक होत जाते आणि पातळ पत्र्याचे भांडेही सहजासहजी चेपत नाही. उलट, घडवण्याच्या मधल्या टप्प्यावर पत्रा फार कडक झाला, तर पुढचा ठोका त्याला तडा देऊ शकतो. अशा वेळी तो भट्टीत लाल होईपर्यंत तापवतात. तापवल्यावर तांबे पुन्हा मऊ होते आणि काम पुढे सरकते.

ठोकून कडक करणे आणि तापवून मऊ करणे या दोन क्रियांवर धातुकाम हजारो वर्षे चालले. त्यामागचे कारण शोधायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले, आणि त्या शोधाची सुरुवात उलट्याच प्रश्नाने झाली. धातू कडक का होतो, याआधी तो मुळात इतका मऊ का असतो, हे कोडे सोडवावे लागले.

धातू इतका दुबळा कसा?

धातूतील अणू ओळीने रचलेले असतात. दुकानात एकावर एक रचलेल्या संत्र्यांसारखी ही रचना असते. धातू कायमचा वाकतो तेव्हा अणूंचा एक थर दुसऱ्यावरून सरकतो. संपूर्ण थर एकाच वेळी सरकवायला किती जोर लागेल, याचा हिशेब सोव्हिएत भौतिकशास्त्रज्ञ याकोव फ्रेंकेल यांनी १९२६ मध्ये मांडला. त्या हिशेबाने तांब्याचे उत्तर येते सुमारे सात गिगापास्कल. म्हणजे दर चौरस सेंटीमीटरला सत्तर टनांच्या आसपास भार. प्रत्यक्षात शुद्ध, मऊ तांब्याचा एकसंध स्फटिक त्याच्या हजारो पट कमी भाराने वाकतो. पाच-दहा टक्क्यांची चूक समजून घेता येते. पण हजारो पटींचा फरक याचा अर्थ थर सरकण्याची मूळ कल्पनाच चुकीची होती.

१९३४ मध्ये तीन शास्त्रज्ञांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे एकच उत्तर दिले. ब्रिटनचे जेफ्री टेलर आणि मूळचे हंगेरीचे मायकेल पोलानी व इगॉन ओरोवान. थर एकदम सरकत नाही, तो टप्प्याटप्प्याने सरकतो, असे त्यांचे म्हणणे. खोलीभर पसरलेली जड सतरंजी एका टोकाला धरून ओढली तर हलत नाही. पण तिच्या एका कडेला सुरकुती पाडून ती पायाने पुढे ढकलत नेली, तर सुरकुती पलीकडे पोहोचेपर्यंत सतरंजी वीतभर सरकलेली असते. धातूच्या स्फटिकातही अशा सुरकुत्या असतात. जिथे अणूंची एक ओळ अर्धवट संपते आणि शेजारच्या ओळींची मांडणी बिघडते, अशी ती रेषा. तिला ‘डिसलोकेशन’ म्हणतात. धातू वाकतो तो या रेषा पुढे सरकल्यामुळे.

त्या वेळी ही रेषा कुणी पाहिलेली नव्हती. ती कागदावरची कल्पना होती. १९५६ मध्ये केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत पीटर हर्श, रॉबर्ट हॉर्न आणि मायकेल व्हेलन यांनी ॲल्युमिनियमच्या अतिपातळ पापुद्र्यात इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली या रेषा सरकताना पाहिल्या. गणिताने बावीस वर्षे आधी वर्तवलेली गोष्ट डोळ्यांसमोर हलत होती.

गर्दीमुळे येणारा कडकपणा

मऊपणाचे कोडे सुटले आणि त्याच कल्पनेत कडकपणाचे उत्तरही सापडले. धातू वाकवताना या रेषा नुसत्या सरकत नाहीत, त्यांची संख्याही वाढते. तापवून मऊ केलेल्या धातूच्या एका घन सेंटीमीटरमध्ये, म्हणजे साधारण सोंगटीच्या फाशाएवढ्या तुकड्यात, अशा रेषांची एकूण लांबी दहा किलोमीटरच्या घरात असू शकते. तोच तुकडा खूप ठोकला, ओढला किंवा लाटला, की ती दहा लाख किलोमीटरपर्यंत जाते. एवढ्या लांबीत चंद्रापर्यंत जाऊन परत येता येईल आणि वर थोडी उरेल.

एवढी गर्दी झाल्यावर रेषा एकमेकींच्या वाटेत येतात. काही एकमेकींना ढकलतात, काही गुंततात, काहींची गाठ बसते. सकाळी रिकाम्या फलाटावरून सरळ चालत जाणारा माणूस संध्याकाळच्या गर्दीत पावलोपावली अडतो, तसे. पुढे सरकायला अधिक जोर लावावा लागतो, आणि त्यालाच आपण धातू कडक झाला असे म्हणतो.

टेलर यांनी या गर्दीचे गणित मांडले. एखाद्या रेषेला दोन अडथळ्यांच्या फटीतून निसटायचे असेल, तर फट जितकी अरुंद तितका जोर जास्त. फट निम्मी झाली, तर जोर दुप्पट. आता रेषांची गर्दी शंभर पट वाढली, की दोन रेषांमधले सरासरी अंतर दहा पटींनी घटते. म्हणून गर्दी शंभर पट झाली, तर तिच्यामुळे येणारा कडकपणा दहा पट होतो. कडकपणा गर्दीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. शाळेतल्या गणितात बसणारा हा नियम आजही या क्षेत्रातल्या बहुतेक सूत्रांच्या मुळाशी आहे.

पण गर्दी कायम वाढत राहत नाही. विरुद्ध प्रकारच्या दोन रेषा भेटल्या, की एकमेकींना पुसून टाकतात. १९७० आणि ८०च्या दशकांत कॉक्स आणि मेकिंग यांनी हा जमाखर्च सूत्रात बसवला. एका बाजूला नव्याने साठणाऱ्या रेषा, दुसऱ्या बाजूला नाहीशा होणाऱ्या. सुरुवातीला जमा जास्त, म्हणून धातू झपाट्याने कडक होतो. पुढे खर्च वाढत जातो आणि कडक होण्याचा वेग मंदावतो. तापमान जास्त असेल, तर खर्चाची बाजू आणखी बळकट होते. भट्टीत लाल तापवलेल्या तांब्यात तर या रेषांचा गुंता जवळजवळ पूर्ण उकलतो आणि नवे, स्वच्छ स्फटिककण तयार होतात. तांबटाची भट्टी नेमके हेच करत असते.

कडक होण्यामुळेच धातू तुटण्यापासून वाचतो

कडक होणे म्हणजे ठिसूळपणाकडे वाटचाल, असा समज सहज होतो. तो अर्धाच खरा आहे. सळई दोन्ही टोकांनी ओढली, की कुठल्या तरी एका जागी ती किंचित जास्त बारीक होते. सारा भार त्या बारीक जागेवर एकवटला, तर सळई लगेच तिथेच तुटायला हवी. तसे होत नाही, कारण जिथे ताण जास्त पडला तिथे धातूही जास्त कडक झालेला असतो. ती जागा तग धरते आणि ताणण्याचे काम शेजारच्या मऊ भागाकडे जाते. अशी जबाबदारी फिरत राहते आणि सळई सर्वत्र सारखी लांबत जाते. कडक होण्याचा वेग जाडी घटण्याच्या वेगाला पुरेनासा झाला, की मग एका जागी ‘मान’ पडते आणि तुटणे जवळ येते. फ्रेंच अभियंता अरमाँ कॉन्सिदेर यांनी ही अट १८८५ मध्येच शोधली होती.

जॉन हॉलोमन यांच्या १९४५ च्या सूत्रात या गुणाला एक आकडा मिळतो. घडाईच्या साध्या पोलादी पत्र्यासाठी तो साधारण ०.२, तर तापवून मऊ केलेल्या स्टेनलेस स्टीलसाठी ०.४ ते ०.५. आकडा जितका मोठा, तितका धातू मान न पडता जास्त ताणता येतो. सपाट स्टेनलेस पत्रा साच्यात दाबून स्वयंपाकघरातील खोलगट भांडी आणि सिंक बनवता येतात, यात या आकड्याचा मोठा वाटा आहे. एकदा खूप ताणलेल्या किंवा ठोकलेल्या धातूत मात्र ही शिल्लक संपत आलेली असते. तो कणखर असतो, पण पुढे आकार बदलायची त्याची तयारी उरलेली नसते.

धमनीत फुगणारी जाळी

स्टेंटच्या रचनेत हे दोन्ही गुण एकाच वेळी लागतात. फुग्याने फुगवायची स्टेंट स्टेनलेस स्टील किंवा कोबाल्ट-क्रोमियमच्या बारीक नळीतून लेझरने कापतात. नळी ओढून बनवलेली असल्यामुळे कडक असते, म्हणून तिला तापवून मऊ करतात. मग ती जाळी फुग्यावर घट्ट दाबून बसवली जाते. धमनीत योग्य जागी पोहोचल्यावर फुगा फुगतो, जाळी पसरते. फुगा काढून घेतल्यावर तिने परत मिटता कामा नये. म्हणजे फुगताना धातू मऊ असायला हवा आणि फुगल्यावर कडक. फुगण्याच्या क्रियेतच धातू कडक होत असल्यामुळे हे साधते.

अडचण तपशिलात आहे. जाळीच्या सरळ काड्यांना फारसे काही होत नाही. सारा बदल काड्या जिथे वळतात त्या कोपऱ्यांत एकवटतो. तिथे धातू कायमचा आणि बराच ताणला जातो. कोपरा जास्त ताणला गेला, तर चीर पडण्याचा धोका. कमी ताणला गेला, तर फुगा काढल्यावर जाळी काही टक्क्यांनी आत येते आणि धमनी हवी तितकी उघडी राहत नाही. कोपऱ्याची गोलाई, काडीची रुंदी आणि धातूचा कडक होण्याचा वेग यांचा मेळ आधी संगणकावर घातला जातो. जाळीचे हजारो सूक्ष्म तुकडे कल्पून प्रत्येक तुकड्यातला ताण टप्प्याटप्प्याने मोजतात.

इथे एक जुना शोध कामी येतो. म्युनिकचे अभियंता योहान बाउशिंगर यांना १८८०च्या दशकात दिसले, की एका दिशेने ताणून कडक झालेला धातू उलट दिशेने दाबला, तर अपेक्षेपेक्षा लवकर नमतो. कारण रेषांच्या गर्दीत. एका बाजूला ढकललेल्या रेषा अडथळ्यांपाशी दाटलेल्या असतात. उलट जोर लागताच त्या आलेल्या वाटेने सहज परततात. स्टेंटच्या कोपऱ्यांचे नेमके असेच होते. फुग्यावर दाबून बसवताना ते एका दिशेने वाकतात आणि धमनीत फुगताना उलट दिशेने.

साध्या मॉडेलमध्ये कडक झालेला धातू सर्व दिशांनी सारखाच कडक झाला असे धरतात. नकाशावर वर्तुळ काढावे आणि धातू कडक झाला की ते मोठे करावे, तसे. बाउशिंगरचा परिणाम धरायचा तर वर्तुळ मोठे होण्याबरोबर सरकतेही, असे मानावे लागते. १९६० नंतर ब्रिटनमध्ये आर्मस्ट्राँग व फ्रेडरिक यांनी आणि फ्रान्समध्ये झाँ-लुई शाबॉश यांनी विकसित केलेली सूत्रे हे सरकणे मोजतात. त्यांचा मूळ उपयोग तप्त यंत्रभाग पुन्हा पुन्हा ताणले गेल्यावर किती टिकतील हे पाहण्यासाठी होता. धमनीतल्या जाळीला तेच गणित लागू पडते. साधे मॉडेल घेतले, तर फुगवल्यानंतर जाळीत उरणाऱ्या ताणाचा अंदाज चुकू शकतो. आणि त्या उरलेल्या ताणावर पुढचे आयुष्य अवलंबून असते.

हे आयुष्य किती, याचा हिशेब सोपा आहे. मिनिटाला ७२ ठोके धरले, तर हृदय वर्षाला सुमारे पावणेचार कोटी वेळा धडधडते. दहा वर्षांचे झाले ३८ कोटी. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शक सूचनांत स्टेंटची चाचणी दहा वर्षांच्या, म्हणजे सुमारे ४० कोटी ठोक्यांच्या बरोबरीने व्हावी अशी अपेक्षा आहे. त्याबरोबर संगणकी ताण-विश्लेषणही मागितले जाते, आणि त्यात नळी बनवण्यापासून फुगवण्यापर्यंतचा धातूचा सारा इतिहास धरावा लागतो.

काडी बारीक, नियम वेगळा

गणिताची आणखी एक परीक्षा आकाराने घेतली. जुन्या स्टेंटच्या काड्या १४० मायक्रॉनच्या आसपास जाड होत्या, अनेक नव्या स्टेंटच्या ८० मायक्रॉनच्या जवळ आल्या आहेत. मोठ्या सळईत लाखो स्फटिककण असतात आणि त्यांच्या सरासरी वागणुकीवर सूत्र चालते. बारीक काडीच्या रुंदीत मात्र मोजके कण मावतात. मग सरासरी कशाची काढायची? एखादा कण प्रतिकूल दिशेने बसला, तर त्याचा दोष झाकायला शेजारी पुरेसे नसतात. आयर्लंडमधील गॉलवे येथील संशोधकांनी २००३ मध्ये स्टेंटच्या जाडीच्या स्टेनलेस स्टीलच्या काड्या ओढून पाहिल्या, तेव्हा काडी बारीक होत गेली तशी तुटण्यापूर्वी ताणले जाण्याची तिची क्षमता कमी होत गेली. मोठ्या नमुन्यावर मोजलेला आकडा लहान काडीला लावणे धोक्याचे, हे त्यातून स्पष्ट झाले. यासाठी प्रत्येक कण त्याच्या दिशेसकट मांडणारी मॉडेल वापरतात.

पिळण्याच्या बाबतीत उलटेच आश्चर्य आहे. १९९४ मध्ये फ्लेक, मुलर, ॲश्बी आणि हचिन्सन यांनी तांब्याच्या वेगवेगळ्या जाडीच्या तारा पिळल्या. १२ मायक्रॉनची तार १७० मायक्रॉनच्या तारेच्या तुलनेत, जाडीचा हिशेब केल्यावरही, सुमारे तिप्पट कणखर ठरली. बारीक तारेत पीळ कमी अंतरात सामावावा लागतो आणि त्यासाठी जास्तीच्या रेषा तयार व्हाव्या लागतात. जुन्या सूत्रांत धातूच्या तुकड्याच्या आकाराला जागाच नव्हती. ती नंतर करावी लागली.

विश्वास किती ठेवायचा?

एवढे असूनही अणूंपासून सुरुवात करून ‘हा धातू इतका कडक होईल’ असे फक्त गणिताने सांगता येत नाही. रेषांच्या हालचाली एकेक करून मोजणारी मॉडेल आहेत, पण महासंगणकावरही ती काही मायक्रॉनच्या तुकड्यापुरती आणि थोड्याशा ताणापुरतीच चालतात. ब्रिटिश धातुशास्त्रज्ञ ॲलन कॉट्रेल यांनी तर उसळत्या, भोवऱ्यांच्या प्रवाहाच्या कोड्यापेक्षा धातूच्या कडक होण्याचे कोडे अवघड असल्याचे मत मांडले होते. म्हणून उद्योगात वापरली जाणारी सूत्रे मधल्या मार्गाने जातात. त्यांचा साचा भौतिकशास्त्रातून येतो आणि त्यातले आकडे चाचणीतून.

त्यामुळे मॉडेल नेमके कुठे फसते हेही कळते. आकडे ज्या चाचणीतून आले, तिच्या मर्यादेबाहेर ते नेले की. फक्त एका दिशेने ओढून मिळालेला आकडा पुढे-मागे वाकणाऱ्या भागाला लावला, सावकाश ओढलेल्या नमुन्याचा आकडा मोटारीच्या धडकेला लावला, जाड पत्र्याचा बारीक काडीला लावला, तर संगणकाच्या पडद्यावर सुंदर रंगीत चित्र उमटते आणि ते चुकीचे असते. २०१८ मध्ये अमेरिकेच्या यांत्रिकी अभियंत्यांच्या संस्थेने वैद्यकीय उपकरणांच्या संगणकी मॉडेलसाठी खास मानक काढले. त्याचे मुख्य सूत्र साधे आहे: मॉडेल चुकले तर रुग्णाला होणारी हानी जितकी मोठी, तितका पुरावा जास्त मागायचा.

या साऱ्यातून रोजच्या व्यवहारात उपयोगी पडणारी एक गोष्ट उरते. धातूच्या दोन तुकड्यांचा आकार, वजन, चकाकी सारखी असली, तरी त्यांचा इतिहास वेगळा असेल, तर त्यांचे भविष्यही वेगळे असते. हाड जोडणारी पट्टी एकदा बेताने वाकवावी, पुढे-मागे करू नये, असे अस्थिशल्यविशारदांना शिकवले जाते ते म्हणूनच. बांधकामावर चुकीची वाकवलेली सळई सरळ करून पुन्हा वापरायला अनुभवी अभियंता हरकत घेतो तेही म्हणूनच. आणि चष्म्याची वाकलेली धातूची काडी सारखी सरळ करत बसण्यापेक्षा एकदाच, हळू आणि योग्य जागी दाबून ती बसवणारा दुकानदारही, सूत्र न मांडता, तेच गणित करत असतो.